सतरा घरांची चूल

लग्नाआधी दीड वर्ष मी वर्ध्याला दर रविवारी एका अभ्यासवर्गाला जात असे. एका छापखान्याच्या वरच्या खोलीत तो भरायचा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरात होत्या. तुरुंगात जाऊन आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आम्हा सहा-सात मुलींवर त्यांचा इतका जीव, की स्वतः चहा करून द्यायच्या. मालक मजुराला मजुरी देतो तेव्हा त्या मजुराच्या बायकोचं रांधणं, धुणं, पोरं वाढवणं तो फुकटात धरून चालतो, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. मजूर दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहतो तो तिच्या जोरावर, पण तिचं नाव कुठेच नाही. चूल घराबाहेर काढा, सगळ्यांची मिळून एक करा, म्हणजे बाईचा वेळ मोकळा होईल आणि मोकळ्या वेळात बाई विचार करू लागेल, असं बाई म्हणत. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग लग्न होऊन मी रोहण्याहून दोन कोसांवरच्या खेड्यात आले. नवरा तिथल्या शाळेत मास्तर. सासरे आधीच गेलेले. सासूबाई आणि पाच एकर रान. नवऱ्याला माझ्या अभ्यासवर्गाचं मोठं कौतुक. आल्यागेल्याला तो सांगायचा की माझी बायको भांडवलशाहीवर बोलते. हे सांगताना तो पाटावर बसलेला असायचा आणि मी भाकरी वाढत असायची. पहिल्या वर्षी मला यात काही खटकलं नाही, याची आता चीड येते.

गावातली निम्मी जमीन मालगुजाराची. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण जमीन त्याच्याकडेच राहिली होती आणि लोक त्याला मालगुजारच म्हणत. आर्वीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, त्याचा हिस्सा होता. दिवाळीपासून पुढे तीन-साडेतीन महिने गावातल्या बायका त्याचा कापूस वेचायच्या. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर. आमच्या रानातली वेचणी आटोपली की सासूबाईही जायच्या आणि मलाही नेत. मास्तराची बायको झाली म्हणून हात झिजत नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

वेचणाऱ्या बायांची टोळी जिच्या हाताखाली चाले तिला सगळे मुकादमीण म्हणत. पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. तिच्या पुऱ्यातल्या सगळ्या घरांनी धर्मांतर केलं त्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. वस्तीला आता बौद्धपुरा म्हणायचं, हे तिनं मालगुजाराच्या दिवाणजीला भर शेतात एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायची वेळ आली नाही. मी तिला 'तुम्ही' म्हणायची. सासूबाईंना ते रुचत नसे.

या बाया कोंबडा आरवायच्या आधी उठून दळायच्या, भाकरी टाकायच्या, शिदोरी बांधून उजाडताना शेतात यायच्या. ओटीत कापूस भरभरून कंबर मोडली की सांज होई. घरी जाऊन पुन्हा चूल. हे मी एक हंगाम डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या हंगामात मला वाटलं, वहीतलं वाक्य करून पाहायची हीच जागा आहे.

नवऱ्याला सांगितलं. तो हरखून गेला आणि त्याच संध्याकाळी शाळेच्या पुठ्ठ्यावर रंगीत खडूंनी तक्ता काढला. मधे एक मोठी चूल, भोवती घरं, घरांपासून चुलीकडे बाण. तक्ता सुंदर होता. पुढे काय करायचं ते त्यात नव्हतं.

मुकादमिणीनं तीनच गोष्टी विचारल्या. दाणे कोणाचे, भांडं कोणाचं आणि रांधणार कोण. दाणे ज्याचे त्यानं माणसांच्या हिशोबानं आणायचे, असं ठरलं. भांड्यासाठी तिच्या पुऱ्यातला लग्नाकार्याचा मोठा गंज होता. रांधण्यावर मात्र घोडं अडलं. आमच्या बाजूच्या बाया म्हणाल्या, एक चूल चालेल, पण रांधणारी आमच्यातली हवी. मी हा निरोप घेऊन तिच्याकडे गेले. नेला याची अजून लाज वाटते.

ती म्हणाली, "मंजे आमी लाकडं आनाचे आन तुमी रांधाचं. हे तं पह्यलेच होतं. याच्यात नवं काय हाये?"

मी परत फिरले. घरोघर गेले, भांडले, रडले. शेवटी आमच्या बाजूची चारच घरं तयार झाली. चारही अशी, की ज्यांच्याकडे पाळण्याजोगं सोवळं उरलंच नव्हतं. पाचवं आमचं घर, म्हणजे मी एकटी. सासूबाईंनी सांगितलं, तू कुठेही खा, माझी आणि माझ्या लेकाची भाकर या चुलीवरच होईल. लेकानं मान खाली घातली. तत्त्वाला त्याचा पाठिंबा होता, पण आईचं मन मोडवत नव्हतं.

बौद्धपुऱ्यातली बारा आणि आमची पाच, अशी सतरा घरं. चूल मुकादमिणीच्या परसात. रोज तिघींची पाळी. दोघी रांधणार, एक दळणार. त्या दिवशी त्या तिघी वेचायला उशिरा यायच्या आणि बाकीच्या आपल्या वेचणीतला थोडा थोडा वाटा त्यांच्या ओटीत घालायच्या. ही शेवटची युक्ती मुकादमिणीची. माझ्या तक्त्यात ती नव्हती.

आणि ते चाललं. खरोखर चाललं. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, कधी अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा. सकाळी शिदोरी हातात तयार, संध्याकाळी टोपली घेऊन यायचं आणि घरच्यांपुरतं न्यायचं. पाळी नसलेल्या बाईचा सकाळी एक तास वाचायचा आणि संध्याकाळी जवळजवळ तेवढाच. पहिले चार दिवस मी हवेत होते. वर्ध्याच्या बाईंना सहा पानी पत्र लिहिलं.

पाचव्या दिवसापासून त्या तासाला पाय फुटायला लागले. एकीच्या सासऱ्यानं तिला सकाळी वैरणीचे दोन भारे जास्तीचे आणायला लावले. दुसरीच्या नवऱ्यानं अंबाडीचे दोर वळायला दिले. तिसरीला दिरानं सांगितलं, आता तुझे हात रिकामे आहेत, तर गोठा तू झाडत जा, इतके दिवस मी झाडत होतो. माझ्या घरी सासूबाईंनी तूर निवडायला काढली. वर्षाची तूर एकदम. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. रिकामी बाई दिसली की प्रत्येकाला काही ना काही आठवायचं. मी घरोघर जाऊन समजावलं की हा तास बाईचा आहे. पुरुष ऐकून घ्यायचे आणि नम्रपणे विचारायचे, बाईनं त्या तासात करायचं काय? मी म्हणायची, विचार. ते एकमेकांकडे बघायचे. बाया पण बघायच्या.

दहाव्या-अकराव्या दिवशी मालगुजारानं बायांना शेतावर जायच्या आधी आपल्या कोठ्यावर, म्हणजे कापूस साठवायच्या कोठारावर, बोलावलं. आदल्या दिवशी वेचलेल्या कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, आणि पालापाचोळा वेगळा काढायचं काम होतं. साफ कापसाला जिनात चांगला भाव येई. पूर्वी हे काम त्याचे दोन सालदार रेंगाळत करायचे. यापुढे बायांनी रोज सकाळी तासभर येऊन ते करून द्यावं, असं त्यानं सांगितलं. मजुरी वेचण्याची, निवडण्याची नाही. मी त्या दिवशी टोळीत होते. तो रागानं बोलला नाही, उलट समजुतीनं बोलला.

"आता तुमाले चुलीचं काम नाई राह्यलं. मंग घंटाभर हात लावाले काय होते? घरी बसूनच राह्यता नं."

बाया बसल्या आणि निवडू लागल्या. मीही बसले. कवडी निवडताना माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. बाईंनी सांगितलेलं मी पहिल्यांदा बोटांनी शिकत होते. घरचं फुकट काम काढलं आणि त्या जागी मालकाचं फुकट काम येऊन बसलं, तेही माझ्याच हातून. दोन महिन्यांत रुईच्या किती गाठी या तासावर निघतील, याचा मी मनातल्या मनात अंदाज करत होते आणि माझ्या शेजारची बाई माझ्या ढिलाईवर वैतागत होती, कारण ढीग संपल्याशिवाय शेतावर जाता येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मुकादमिणीला म्हटलं, उद्या कुणीच जायचं नाही, सरळ नाही म्हणायचं. ती म्हणाली, नाही म्हटलं तर तो परवा रोहण्याच्या बाया आणेल, हंगाम त्याच्या हातात आहे. मी म्हटलं, ही गुलामी वृत्ती आहे. हे शब्द वहीतले होते. ती भांडं घासत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई, चूल होती तवा 'घरी रांधाचं हाये' मनून उठता येत होतं. मालगुजारबी त्याच्यापुढं काई बोलत नव्हता, भाकरी त्यालेबी समजते. आमच्यापाशी नाई मनाले तेवढं एकच कारन होतं. ते तुमी काढून घेतलं."

मी गप्प बसायला हवं होतं. मी वाद घातला. कारण कशाला हवं, हक्क आहे, वगैरे. ती उठून आत गेली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि आम्ही सगळ्या रोज तासभर फुकट कवडी निवडली.

मला सगळ्यांचा राग येत होता. मालगुजाराचा तर होताच, पण त्याच्याकडून मी दुसरं काही धरलंच नव्हतं. राग त्या दिराचा होता, दोर वळायला देणाऱ्याचा होता, तक्त्याला काच लावून घ्यावी का, असं विचारणाऱ्या माझ्या नवऱ्याचा होता. बायांचाही होता, की यांना आपला तास राखता येत नाही. आणि बाईंचा होता, की एवढं शिकवलं पण चुलीचा असाही उपयोग असतो हे सांगितलं नाही. त्यांनी कधी वेचणीची शिदोरी बांधलीच नव्हती तर त्या सांगणार कुठून, हे तेव्हा सुचलं नाही.

तोड काढली ती सासूबाईंनी. तीही माझ्यावर चिडून. मी ओसरीवर तूर निवडत होते आणि कोठ्यावरच्या त्या तासाबद्दल बडबडत होते. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासूच्या वेळी मालगुजाराचा माणूस वेठीला बोलवायला आला की त्या घरात ओल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची काटकं, पेटवायच्या. घरभर धूर. माणूस उंबऱ्यातून परत जायचा, रांधणं चाललंय म्हणून.

"लोकाच्या चुलीत कोन डोकावते? धूर दिसला का झालं. एवढी शिकली तू आन तुले हे सांगा लागते?"

मी तशीच उठून बौद्धपुऱ्यात गेले. मुकादमिणीनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, म्हातारी कामाची आहे. मग आमचं ठरलं. चूल मोडली असं सांगायचं. गंज परसातून उचलून तिच्या घरात न्यायचा. सकाळी सतराही घरांत मूठ-दोन मूठ पऱ्हाट्या पेटवायच्या, दार लोटून घ्यायचं आणि आत बसायचं. टोपल्या झाकून आणायच्या.

चूल मोडल्याचं मालगुजाराला सांगायचं काम माझ्यावर आलं. मी मास्तरीण, माझ्या शब्दाला वजन. का मोडली, असं तो विचारणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, जातीवरून भांडण झालं, आमच्या बायांनी त्यांच्या हातचं खायला नकार दिला. त्यानं पुढे एकही प्रश्न विचारला नाही. मान हलवली आणि माझी समजूत काढली. बाई, तुमचं मन चांगलं आहे, पण या गोष्टी जमत नसतात, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मालगुजारणीनं मला आत बोलावून चहा दिला. खोटं मी बोलत होते, पण इतक्या सहज ते खरं मानलं गेलं की वाड्याबाहेर पडताना माझे कान तापले होते.

कोठ्यावरचं निवडणं बंद झालं. सालदार पुन्हा रेंगाळत कवडी काढू लागले. सकाळी गावावर धुराचा पट्टा दिसायचा आणि दाराआड बाया बसलेल्या. मी एक-दोन घरांत डोकावले. एक भिंतीला टेकून झोपली होती. दोघी जावा एकमेकींच्या केसांतल्या उवा काढत होत्या. एक तरणी पोरगी नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी आल्याचं पाहून ती दचकून उठली आणि केरसुणी शोधू लागली. मी तिला बस म्हटलं. ती बसली, पण मी जाईपर्यंत तिचं बसणं पहिल्यासारखं झालं नाही. मला विचार वगैरे करणारी कुणी दिसली नाही. तरी मला बरं वाटलं.

तीन आठवडे हे असं चाललं. मग आर्वीला मास्तरांचा मेळावा भरला आणि माझा नवरा तक्ता घेऊन गेला.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला आजवर किती जणांनी ऐकवलं असेल. त्यानं तक्ता भिंतीला टांगून अर्धा तास भाषण केलं. आम्ही सतरा घरांची एक चूल चालवतो, गावकऱ्यांच्या नकळत चालवतो, धूर करून मालकाला कसं चकवतो, सगळं सांगितलं. टाळ्या मिळाल्या. त्या चुलीवरची एक भाकर त्यानं कधी खाल्ली नव्हती. ऐकणाऱ्यांत मालगुजाराचा साडू होता.

तिसऱ्या दिवशी दिवाणजी सकाळच्या वेळी थेट मुकादमिणीच्या घरात शिरला. गंज चुलीवर होता. मालगुजारानं आरडाओरड केली नाही. त्यानं टोळीची मुकादमी तिच्याकडून काढली आणि पुढल्या हंगामाला तिच्या पुऱ्यातल्या कुणालाच बोलावणार नाही, असं कळवलं. मला कुणी काही बोललं नाही. नवऱ्याची नोकरी सरकारी, आमचं रान आमचं. मालगुजारणीनं संक्रांतीला मला हळदीकुंकवालाही बोलावलं. मी गेले नाही. तेवढंच मी केलं.

मी नवऱ्याला विचारलं, तुम्ही 'आम्ही' कुणाला म्हणालात? त्याला प्रश्नच कळला नाही. मग तो दुखावला. दोन दिवस जेवला नाही आणि सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाईंचं उत्तर याच सुमारास आलं. माझं ते सहा पानी पत्र आणि नंतर धुराबद्दल लिहिलेलं दुसरं, दोन्हींना मिळून. त्यांनी लिहिलं होतं की धूर करून फसवणं हा लढा नव्हे, त्यानं बायांची जाणीव वाढत नाही, उघड संघटना करायला हवी होती. अक्षर सुंदर, कानामात्रा जागच्या जागी. मी पत्र दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली सरकवलं.

मुकादमिणीकडे मी माफी मागायला गेले. ती म्हणाली, झालं ते झालं, पुढल्या साली धाम नदीकडच्या गावांत वेचायला जाऊ, तिकडे ओळख आहे. आणि तसं तिनं केलंही. पुढल्या दिवाळीच्या तोंडावर ती माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिनं विचारलं, चूल पुन्हा मांडतोय, तुमची पाळी धरू का? मला सातवा महिना होता. पाय सुजलेले, सासूबाई आत खोकत होत्या. मी म्हटलं, या वर्षी नाही जमायचं. ती बरं म्हणाली. पुढच्या वर्षी तिनं विचारलं नाही.

तिची चूल पुढे चार हंगाम चालली, पुऱ्यातल्या बारा घरांची. मला ते येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळायचं. एकदा असंही कानावर आलं की तिच्याकडे बाजाराच्या दिवशी पुरुष दळतात. मला खरं वाटेना. मुलाला कडेवर घेऊन मी मुद्दाम गेले. खरंच दोन बाप्ये जात्यावर बसले होते. एक दळत होता, दुसरा दाणे घालत होता. दोघांनी मला पाहून मान फिरवली, पण उठले नाहीत.

मी तिला विचारलं, हे तुम्ही यांना कसं समजावलं?

"काई समजावलं नाई," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी आमी दळतच नाई. भूक लागली का दळतेत."

मी थोडा वेळ तिथेच ओट्यावर बसले. जात्यातून पीठ जाडंभरडं येत होतं. घरी परतले तर सासूबाईंनी विचारलं, इतका वेळ कुठे होतीस, भाकरी टाकायच्या राहिल्या आहेत, तो शाळेतून आलाय. मी मुलाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि भाकरी टाकल्या.